काय खाल्लं होतंस? : अंगावर उठणाऱ्या पित्ताचा इतिहास

आपल्याकडे कुणाच्या अंगावर पित्त उठलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लं होतंस?" विचारणारी आई असो, सासू असो की शेजारीण, उत्तर तिच्याजवळ तयारच असतं. काल बांगडा खाल्ला होता. परवा लग्नात वांग्याची भाजी खाल्ली होती. झालं, ती वस्तू बंद. आठ दिवसांनी पुन्हा पित्त उठलं की आणखी एक वस्तू बंद.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. वैद्यक हा माझा विषय नाही. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ भरपूर, आणि बुरोंडीसारख्या मासेमारीच्या गावात राहत असल्यामुळे हा प्रश्न कानांवर सारखा पडतो. तेव्हा ठरवलं की या प्रश्नाचाच इतिहास पाहावा. तो कुठून आला, त्याची उत्तरं कोणी कोणी दिली, आणि आज तो विचारण्यात कितपत अर्थ उरला आहे? जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शब्द पाहू. मराठीत 'पित्त' या शब्दावर आपण फार कामं लादली आहेत. घशाशी आंबट येतं ते पित्त. डोकं चढून उलटी होते तेही पित्त. यकृतात हिरवट पिवळा रस तयार होतो, तोही पित्त. आणि अंगावर लालसर, खाजरे फुगवटे उठतात तेही पित्तच. डॉक्टर या शेवटच्या प्रकाराला अर्टिकेरिया म्हणतात आणि वैद्य शीतपित्त म्हणतात. 'अंगावर गांधी उठल्या' असंही आपण म्हणतो. (या गांधीचा महात्माजींशी काही संबंध नाही, हे मला वर्गात दर वर्षी एकदा तरी सांगावं लागे.) ढेकूण किंवा डास चावल्यावर जो फुगवटा येतो ती गांधी. फरक इतकाच, की इथे चावलेलं काहीच नसतं.

या दुखण्याची ओळख सोपी आहे. फुगवटा उठतो, भयंकर खाजतो, काही तासांत मागे काही खूण न ठेवता विरतो, आणि तोवर दुसरीकडे नवा उठलेला असतो. एकच फुगवटा सहसा चोवीस तासांपेक्षा जास्त टिकत नाही. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत कातडी स्वच्छ झालेली असते, आणि डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही. पुष्कळांना याचंच जास्त वाईट वाटतं. लोकांना वाटतं, हा उगाच कांगावा करतोय.

कोकणात यावरचा घरचा उपाय ठरलेला आहे. आमसुलं पाण्यात भिजत घालायची, कुस्करायची आणि ते पाणी अंगाला चोळायचं. कुणी गेरू लावतं, कुणी घोंगडी पांघरायला देतं. या आमसुलाकडे शेवटी येऊ.

आता जुने ग्रंथ. साधारण सातव्या-आठव्या शतकातला 'माधवनिदान' हा रोगांची लक्षणं आणि कारणं सांगणारा ग्रंथ. त्यात शीतपित्त, उदर्द आणि कोठ असे या जातीचे तीन विकार सांगितले आहेत. तिथलं वर्णन वाचून मला गंमत वाटली. वरटीने, म्हणजे गांधीलमाशीने, दंश केल्यासारखी सूज कातडीवर येते, ती खाजते आणि टोचते, असं ग्रंथकार म्हणतो. आपल्या गांधीलमाशीच्या नावात आपली गांधी ऐकू येतेच. कारण म्हणून तो पहिल्यांदा बोट ठेवतो ते थंड वाऱ्याच्या स्पर्शावर. त्या वाऱ्याने वात आणि कफ बिघडतात, ते पित्ताशी मिळतात आणि कातडीवर उमटतात, अशी त्याची मांडणी. त्रिदोषांचा सिद्धांत बाजूला ठेवला तरी निरीक्षण पक्कं आहे. गार वारा किंवा गार पाणी लागताच अंगावर गांधी उठणारी माणसं असतात, आणि आजचं वैद्यकही त्यांचा वेगळा गट मानतं.

त्याच्याही आधीच्या चरकसंहितेत उदर्द शमवणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गट दिला आहे. त्यात बोर, खैर, सातवीण, अर्जुन ही नावं आहेत. दापोली तालुक्यातल्या माणसाला खैर आणि सातवीण काय ते सांगायला नको. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे दुखणं इतकं नित्याचं होतं की त्यासाठी औषधांचा वेगळा गट करावासा वाटला.

ग्रीसमध्येही तेच. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी या फुगवट्यांना तिकडच्या एका खाजऱ्या झुडपाचं नाव दिलं. त्या झुडपाला लॅटिनमध्ये 'उर्टिका' म्हणतात. त्यावरून १७६९ साली विल्यम कलन या स्कॉटिश डॉक्टराने रोगांच्या वर्गवारीत 'अर्टिकेरिया' हे नाव घातलं, ते आजवर चालू आहे. आपण गांधीलमाशी म्हणालो, ते खाजरं झुडूप म्हणाले. दोघांनीही नाव दिलं ते दिसण्यावरून. कारण कुणालाच दिसलं नव्हतं.

हे दुखणं किती जणांना होतं? इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आयुष्यात एकदा तरी अंगावर पित्त उठण्याचा अनुभव साधारण पाचांतल्या एका माणसाला येतो, असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. ते काही तासांत, काही दिवसांत जातं आणि माणूस विसरून जातो. पण हेच सहा आठवड्यांहून अधिक काळ, रोज किंवा दिवसाआड येत राहिलं, तर त्याला जुनाट पित्त म्हणायचं. ते शंभरात साधारण एकाला असतं. पुरुषांपेक्षा बायकांना जवळजवळ दुप्पट, आणि बहुधा वीस ते चाळीस या ऐन कामाच्या वयात. एकदा लागलं की वर्षभर, कधी पाच वर्षं, क्वचित त्याहूनही जास्त मुक्काम करतं.

शंभरात एक म्हणजे थोडं वाटतं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाखांवर होती. जगाचं प्रमाण आपल्यालाही लावलं (हा माझा ढोबळ हिशेब आहे, मोजणी नव्हे) तर एकट्या आपल्या जिल्ह्यात दहा-पंधरा हजार माणसं या क्षणी कुठेतरी अंग खाजवत बसलेली असतील. त्यांतल्या बहुतेक बायका असतील, आणि बहुतेकींना कुणीतरी विचारत असेल, काय खाल्लं होतंस?

आता या संशयाच्या मुळाशी जाऊ. मासळीवरचा संशय खोटा नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. त्याचा पुरावा १९२१ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरात (ते आज पोलंडमध्ये आहे, व्रोत्सवाफ या नावाने) मिळाला. हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टराला मासा चालत नसे. शिजवलेला मासा पोटात गेला की अंगाला खाज सुटे, गांधी उठत. त्याचा सहकारी कार्ल प्राउसनित्स याने क्युस्टनरच्या रक्तातला पातळ द्रव, म्हणजे सीरम, घेतला आणि स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउसनित्सला मासा अगदी व्यवस्थित पचत असे, पण तेवढ्याच जागी टरारून गांधी उठली. दोष माशात नव्हता. क्युस्टनरच्या रक्तात असं काहीतरी होतं की जे माशाला शत्रू समजत होतं, आणि ते एका माणसातून दुसऱ्यात नेता येत होतं.

ते 'काहीतरी' काय हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६ च्या सुमारास किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत, आणि १९६७ साली योहान्सन आणि बेनिक यांनी स्वीडनमध्ये, रक्तातलं ते प्रथिन स्वतंत्रपणे शोधलं. त्याचं नाव इम्युनोग्लोब्युलिन ई, सोयीसाठी आयजीई.

तेव्हा ज्याला खरोखर माशाची, शेंगदाण्याची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असते त्याला 'काय खाल्लं होतंस' हे विचारणं बरोबरच आहे. त्याचं उत्तरही लगेच सापडतं. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत पित्त उठतं, आणि दर वेळी उठतं. अशा माणसाने तो पदार्थ टाळलाच पाहिजे. त्यात हयगय जिवावर बेतू शकते.

बांगड्याची आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांनी जरूर लक्षात ठेवावी. बांगडा, कुप्पा, सुरमई या जातीच्या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासळी बर्फाविना उन्हात राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. अशी मासळी खाल्ली की चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, धडधडतं, अंगावर पित्त उठतं. पंगतीतल्या कुणालाही ते होऊ शकतं, त्याला ॲलर्जी असण्याची गरज नाही. तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून किंवा खारवून जात नाही. म्हणजे इथे विचारायचं ते असं, की "मासळी बर्फात होती का?" बर्फ वेळेवर मिळाला असता तर त्याच बांगड्याने कुणाला काही झालं नसतं.

आता मूळ मुद्दा. वर सांगितलेली दोन्ही प्रकारची पित्तं येतात आणि जातात. महिनोन्महिने रोज उठणाऱ्या जुनाट पित्तामागे मात्र खाण्याची ॲलर्जी क्वचितच सापडते. त्वचारोगाचे डॉक्टर हे कित्येक वर्षं सांगत आहेत, पण आमच्या माजघरापर्यंत ते पोचलेलं नाही.

आमच्या वाडीजवळ एक मासळी विकणारी बाई आहे. नाव सांगत नाही. तिला ऐन तिशीत हे दुखणं लागलं. कुणीतरी सांगितलं, मासळी सोड. सोडली. मग वांगं सोड, टोमॅटो सोड, तूरडाळ सोड, अंडं सोड, दही सोड. सांगणारे बदलत गेले आणि यादी वाढत गेली. सहा वर्षं ती भात आणि पेजेवर राहिली. पित्त काही थांबलं नाही. एकदा मला म्हणाली, "गुरुजी, दिसभर म्हावरं इकायचं नि राती पेज खायाची. हाताचा वास घेऊन जेवते मी." वर सासू म्हणे, ही चोरून खात असणार, नाहीतर अंग कशाला फुलेल? पित्तापेक्षा हा आरोप तिला जास्त झोंबत असे. पुढे हातपाय गळायला लागले, रक्त कमी झालं, तेव्हा तिचा भाऊ तिला शहरात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी यादी बघितली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की आजपासून सगळं खा.

या गोष्टीत कुणी दुष्ट नाही. सगळ्यांनी काळजीपोटीच सांगितलं. पण तर्क कुठे घसरला, ते इतिहासाच्या मास्तराला लगेच ओळखू येतं. अमुक आधी घडलं, तमुक नंतर घडलं, म्हणून अमुक हे तमुकाचं कारण, ही इतिहासलेखनातली सर्वांत जुनी चूक. ज्या घरात आठवड्यातून चार वेळा बांगडा होतो त्या घरात कुठलंही दुखणं उठलं तरी त्याच्या आदल्या दिवशी बांगडा झालेला असण्याची शक्यता मोठीच! खरी कसोटी वेगळी. तो पदार्थ काही आठवडे पूर्ण सोडूनही पित्त तसंच येत राहिलं, तर त्या पदार्थाला निर्दोष सोडून द्यायला हवं. आपण त्याला सोडत नाही. त्याला तुरुंगातच ठेवतो आणि शेजारी आणखी एक आरोपी नेऊन बसवतो.

मग खरा आरोपी कुठे आहे? त्याची पहिली खूण १८७८ सालची. पाउल एर्लिश हा चोवीस वर्षांचा जर्मन विद्यार्थी कापड रंगवायचे रंग शरीराच्या ऊतींवर टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. काही पेशींत त्याला ठासून भरलेले दाणे दिसले. या पेशी खाऊन-पिऊन लठ्ठ झालेल्या असाव्यात असं वाटून त्याने त्यांना तसंच नाव दिलं, मास्टपेशी. दाण्यांत काय आहे हे त्याला कळायचा मार्ग नव्हता.

१९१० साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिन या द्रव्याचा शरीरावर काय परिणाम होतो ते दाखवलं. मग १९२७ साली लंडनच्या थॉमस लुईस याने कातडीवरच्या आपल्या प्रयोगांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला एक प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. नखाने हातावर जरा दाबून रेघ ओढा. आधी लाल रेघ दिसेल, मग तिच्या आजूबाजूला लाली पसरेल, आणि कातडी हळवी असेल तर रेघ फुगून वर येईल. लुईसचं म्हणणं असं, की दुखावलेली कातडी स्वतःच हिस्टामिनसारखं काही सोडते आणि त्याने या तीन पायऱ्या घडतात. १९५२-५३ मध्ये रायली आणि वेस्ट या दोघांनी दुवा जुळवला. ते हिस्टामिन एर्लिशच्या लठ्ठ पेशींतच साठवलेलं असतं. त्या फुटतात तेव्हा आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपतं, आणि गांधी उठते. (आणि त्या जुन्या ग्रीक वैद्यांचं खाजरं झुडूप? त्याच्या काट्यांतही हिस्टामिन असतं, हे १९४७ साली सिद्ध झालं. नुसत्या दिसण्यावरून ठेवलेलं नाव दोन हजार वर्षांनी असं खरं ठरलं.)

इथे आपल्या 'पित्त' शब्दाचीही एक गंमत सांगायला हवी. हेच हिस्टामिन जठरातल्या पेशींना आम्ल सोडायला लावतं. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवलं की जठरात हिस्टामिनला लागणारं कुलूप कातडीतल्या कुलपापेक्षा वेगळं असतं. त्यावरून आम्लपित्ताची नवी औषधं निघाली आणि १९८८ साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे घशाशी येणारं पित्त आणि अंगावर उठणारं पित्त यांच्या मागे एकच द्रव्य असतं! पण यावरून आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असा निष्कर्ष कृपया काढू नका. एकामुळे दुसरं होत नाही. आम्लपित्त झालं म्हणून गांधी उठत नाहीत, आणि आंबट-तिखट सोडून त्या थांबत नाहीत. शब्द एक असल्यामुळे मात्र किती जणांनी अंगावरच्या पित्तासाठी पोटाची औषधं घेत वर्षं घालवली असतील, कोण जाणे.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी. बाहेरचं काही नसताना या पेशी रोज फुटतात कशाने? १९८६ साली इंग्लंडमध्ये ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट पित्ताच्या काही रुग्णांचं स्वतःचंच सीरम त्यांच्याच कातडीत टोचलं. तिथे गांधी उठली. माशाचा अर्क नाही, परागकण नाही, स्वतःचंच रक्त! १९९३ साली हिदे, ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण दाखवलं. काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं असतात की ती मास्टपेशींवरच्या आयजीईच्या कुलपालाच जाऊन चिकटतात आणि पेशी फोडतात. संरक्षणासाठी ठेवलेल्या शिपायांनी घरच्याच दारूगोळ्याला काडी लावावी तसा हा प्रकार. बाहेरून शत्रू आलेलाच नसतो.

आपल्याकडेही हे तपासलं गेलं. नवी मुंबईचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. किरण गोडसे यांनी ही स्वतःच्या सीरमची चाचणी इथल्या जुनाट पित्ताच्या रुग्णांवर करून २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. छोट्याशा त्या अभ्यासात साधारण पाव रुग्णांमध्ये चाचणी होकारार्थी आली. पुढे २०१८ साली भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या रोगाच्या उपचारांबद्दल एकत्र बसून मार्गदर्शक मत तयार केलं, त्यातही त्यांचा पुढाकार होता.

आज जाणकार जुनाट पित्ताचे ढोबळ दोन भाग करतात. एकात ठरावीक निमित्त लागतं. गार वारा, ऊन, घाम, कमरेच्या नाडीचा किंवा पिशवीच्या पट्ट्याचा दाब. (आमच्याकडे वैशाखात घाम आला की अंगभर बारीक गांधी उठणारी मुलं मी वर्गात पाहिली आहेत.) दुसऱ्या भागात असं ठरावीक निमित्त नसतं, ते आपणहून येतं. यांतल्या बऱ्याच जणांत शरीर स्वतःवरच उलटलेलं असतं. अशांपैकी काहींना थायरॉइडचाही त्रास असतो, म्हणून डॉक्टर ती तपासणी सांगतात. उरलेल्यांचं नेमकं कारण सापडत नाही.

कारण आणि निमित्त यांतही फरक करावा लागतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या काही रुग्णांत हे पित्त भडकवतात. ताप, जागरण, मनावरचा ताण यांनीही ते वाढतं. पण "तुझ्या मनाचेच खेळ आहेत" असं म्हणणं म्हणजे बांगड्याच्या जागी बाईच्या मनाला आरोपी करणं. रात्रभर खाजेने झोप नसलेल्या माणसाचं मन ताळ्यावर राहील कसं? इथे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे आधी नीट पाहायला हवं.

औषधांचा इतिहास त्या मानाने आनंदाचा आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टाउब यांनी १९३७ साली हिस्टामिनला अडवणारं पहिलं द्रव्य शोधलं. बोव्हेला १९५७ साली नोबेल मिळालं. त्यातून निघालेल्या जुन्या गोळ्यांनी खाज थांबे, पण माणूस दिवसभर पेंगे. 'एव्हिल घेतली आणि झोपलो' हे वाक्य माझ्या पिढीत सगळ्यांना माहीत आहे. १९८० च्या दशकात सेटिरिझिनसारख्या कमी झोप आणणाऱ्या गोळ्या आल्या. डॉक्टर आज असं सांगतात, की जुनाट पित्तात पित्त उठल्यावर गोळी घेण्यापेक्षा ती रोज नेमाने घ्यावी, आणि मात्रा वाढवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तेवढ्याने भागलं नाही तर आयजीईला रक्तातच पकडणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला या रोगासाठी २०१४ साली मान्यता मिळाली. ते महाग आहे, गावच्या माणसाला सहज परवडणारं नाही. पण बहुतेकांवर ती वेळ येत नाही, आणि बहुतेकांचं पित्त आज ना उद्या आपणहून निघूनही जातं.

दोन धोक्याच्या खुणा मात्र सांगून ठेवतो. पित्ताबरोबर जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडला, चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नये, मिळेल ते वाहन करून दवाखाना गाठावा. आणि एकच फुगवटा चोवीस तासांहून जास्त टिकला, खाजण्यापेक्षा दुखू लागला, मागे काळसर डाग ठेवू लागला, तर ते साधं पित्त नसण्याची शक्यता असते. डॉक्टरांना तसं मुद्दाम सांगावं. फुगवटे दवाखान्यात पोचेपर्यंत विरतात, म्हणून हल्ली मोबाइलवर त्यांचा फोटो काढून नेता येतो. हे फार सोयीचं झालं आहे.

राहिलं आमसूल. गार पाण्याने खाज घटकाभर शमते हे खरं. आमसुलाचं पाणी अंगाला लावायला माझी काहीच हरकत नाही, आमच्या घरीही लावतात. ज्याला गारव्यानेच पित्त उठतं त्याने मात्र ते थंडगार लावू नये. जुनाट पित्त आमसुलाने बरं होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण त्या आमसुलाच्या पाण्याबरोबर एक माया असायची. आजी शेजारी बसून पाठीला हात फिरवायची, आणि तेवढा वेळ "काय खाल्लंस" हे कुणी विचारत नसे. त्या बाजूने पाहिलं तर उपाय वाईट नव्हता.

मला वाटतं, पित्ताच्या माणसाला विचारायचे प्रश्नच आता बदलायला हवेत. किती आठवडे होतंय? कधी उठतं, गारव्याने, उन्हाने की असंच? कुठली गोळी चालू आहे? रात्री झोप लागते का? या चार प्रश्नांनी डॉक्टरांना खूप काही कळतं आणि रुग्णाच्या ताटातलं काही कमी होत नाही. ती मासळी विकणारी बाई आता रोज एक गोळी घेते. पित्त पुरतं गेलेलं नाही, महिन्या-दोन महिन्यांनी डोकावतं. परवा मला बांगडे देताना म्हणाली, "गुरुजी, दोन माझ्यासाठी ठेवलेत हां, त्ये नाय मिळायचे." मी उरलेले घेतले.